सतराव्या पेटीतल्या भेगा

१

सतरा नंबरची पेटी शेडमध्ये नाही, हे संघपाल गवईला सोमवारी सकाळी आठ वाजता कळलं आणि साडेआठला तो चोर ठरला. मधल्या अर्ध्या तासात कुणी थोडा विचार केला असता तर पुढचा ताप वाचला असता. पण विचाराला वेळ लागतो, आरोपाला लागत नाही.

महामाया इंगळे दुपारी बाराच्या सुमारास नांदुऱ्याहून कॅम्पवर पोचल्या तेव्हा तो शेडच्या पायरीवर बसला होता. संग्रामपूर तालुक्यातला, पूर्णेच्या अंगाचा तो उघडा माळ. चैत्रातलं ऊन. एका तेल कंपनीची रिग तिथे चार महिन्यांपासून जमीन पोखरत होती. महामायाबाईंची सगळी नोकरी भूजल खात्यात गेली होती. जिल्ह्यातल्या निम्म्या गावांच्या विहिरी आणि बोअर त्यांनी दाखवलेल्या जागी लागले होते. निवृत्त झाल्या तरी लोक जागा विचारायला येतच होते, पण चोर शोधून द्या म्हणून आजवर कुणी आलं नव्हतं.

बोलावलं होतं कॅम्पचे प्रमुख अर्जुनराव खेडेकर यांनी. मूळचे उंद्रीचे, एकेकाळी बाईंच्या हाताखाली काम केलेले.

"मॅडम, पोलिसात गेलो का बोभाटा होते," अर्जुनराव म्हणाले. "उद्या दहाले हेड ऑफिसचे साहेब येऊन राह्यले. त्याच्या आत काही निघते का पाहा. नाही तं पाच वाजता मी त्याले ठाण्यात देतो."

"त्यालेच काऊन?"

"किल्ली त्याच्यापाशी. आन् त्याच्या घरी फळीवर चमकणाऱ्या गारगोट्या हायत. असे दगड घेणारे दलाल फिरतात इकडे. देल्ली असन पेटी विकून."

"दुसरी किल्ली नाही का?"

"हाय ना. माह्या केबिनमधी, खिळ्याले."

"आणि केबिनले कुलूप?"

अर्जुनरावांनी कान खाजवला. "दिवसा कोन लावते, मॅडम?"

"सकाळी त्याले चोर म्हटलं, ते कोणासमोर?"

"साऱ्यायसमोर. तीस माणसं जमा केली होती. म्हटलं, बाकीच्यायले वचक बसन."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की अर्जुनराव एकदम चहा सांगायला निघून गेले.

२

पेटीत सोनंनाणं नव्हतं, दगड होते. विहीर खोल जाताना पोकळ पात्यानं खालच्या खडकाचा गोल दांडा कापून वर काढतात, त्याला कोर म्हणतात. त्याचे हातभर तुकडे धुऊन, खुणा करून, नंबरवार पेट्यांत ठेवायचे, हे संघपालचं काम. तो दोन वर्षं रोजंदारीवर होता आणि कायम केल्याचं पत्र याच महिन्यात मिळायचं होतं. आता पत्र तर गेलंच, वर कपाळी शिक्का बसायची वेळ आली होती.

"खुणा कशा करता?" बाईंनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण माणूस आपल्या कामाबद्दल कसा बोलतो ते त्यांना ऐकायचं होतं.

"दोन रेघा मारतो, मॅडम. एक लाल, एक काळी. दगडाचं वरचं टोक वर धरलं का लाल उजव्या हाताले आली पाह्यजे. मंग तो कदी उलटा ठेवल्या जात नाही. आन् खाली किती मीटरचा ते लिहितो. ऑइल पेंटनं, नाही तं निघून जाते." बोलता बोलता तो सरळ बसला होता. मग त्याला आपली अवस्था आठवली. "मॅडम, मी चोरले नाही. गारगोट्या हायत माह्या घरी. त्या नाल्यातून आनल्या, लेकरायले खेळाले."

बाई आत गेल्या. भिंतीला लागून चाळीस भरलेल्या पेट्या होत्या आणि कोपऱ्यात नव्या रिकाम्या पेट्यांची चळत.

सतरा नंबरवरच घोडं का अडलं होतं, हे समजून घ्यायला हवं. खाली तेलाचं तळं असतं असं पुष्कळांना वाटतं. तसं काही नसतं. तेल खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं. इथे काळ्या पाषाणाच्या खाली जो वाळूचा दगड लागला, तो इतका घट्ट होता की छिद्रांच्या भरवशावर थेंब निघाला नसता. आशा होती ती फक्त भेगांवर. खडकाला मुळातल्या भेगा असतील आणि त्या मोकळ्या असतील, तर तेल त्यांतून विहिरीकडे वाहतं. त्याच भेगा चुनखडीनं बुजलेल्या असतील तर वाटेला कुलूप. आणि भेग मुळातली नसून रिगच्या दाबानं आत्ता पडलेली असेल, तर तिचा उपयोग शून्य. या तिन्हींपैकी खरं काय, ते सतराव्या पेटीतले नऊ तुकडे सांगणार होते. त्यावरून उद्या साहेब लोक विहिरीची चाचणी घ्यायची की सिमेंट भरून ती बंद करायची, ते ठरवणार होते.

"भरलेली पेटी किती जड?"

"चाळीस किलो. मी एकटा उचलतो."

"काल गेटातून गाडी गेली?"

"एक बी नाही. काल बाजार होता, सारे पायी न् फटफटीवर गेले. मी बी गेल्तो, कुलूप लावून."

बाई रिकाम्या पेट्यांच्या चळतीपाशी थांबल्या. "या किती असायला हव्यात?"

"बारा."

बाईंनी मोजल्या. तेरा होत्या. संघपालनं एकेक पेटी खाली उतरवली. सगळ्यांत खालच्या पेटीचं तोंड भिंतीकडे वळवलेलं होतं. ती फिरवल्यावर फळीवर त्याच्याच हातचा आकडा दिसला, सतरा.

पेटी शेड सोडून कुठे गेलीच नव्हती. गेले होते ते दगड.

३

"म्हणजे दगड एकेक करून नेले," अर्जुनराव म्हणाले. "काऊन पन?"

"ज्याला चाळीस किलो उचलवत नाहीत, त्यानं नेले म्हणून." बाईंनी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. पाकातच चहा टाकला होता जणू. "काल दुपारी कॅम्पवर कोण होतं?"

रिगवरची पाळी होती, तिच्यावर इंजिनियर श्रेयस. शिवाय भूगर्भतज्ज्ञ सुचिता, आणि नागपूरहून आलेले सल्लागार नीळकंठ धर्माधिकारी. बाकी झाडून सारे बाजारात.

श्रेयस बुलडाण्याचा, पंचविशीचा. रिगच्या सावलीत भेटला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"मॅडम, खरं सांगतो, ती पेटी गेली तेव्हा मला बरंच वाटलं," तो म्हणाला. "त्या खोलीवर आमचं मड गायब झालं होतं."

मड म्हणजे पातं थंड ठेवायला विहिरीत फिरवतात ते चिखलाचं द्रावण. गेल्या मंगळवारी, सतराव्या पेटीतला कोर काढताना, अर्ध्या तासात टाकीभर द्रावण खडकानं पिऊन टाकलं होतं.

"धर्माधिकारी सर म्हणाले, तू मड जास्त जड केलंस, दाबानं खडक फोडलास. तसं असेल तर माझी नोकरी गेली समजा. पण मी पेटीला हात लावला नाही."

बाई रिगमागच्या खड्ड्याकडे पाहत होत्या. टाकाऊ मड साठवायचा तो खड्डा, दोन पुरुष खोल. "काल दिवसभर तू इथेच होतास?"

"हो, आठ ते आठ."

"या खड्ड्यात बांबू घालून पाहिला कुणी?"

"सकाळीच पाहिला. तळापर्यंत गाळच आहे."

बाईंनी मान डोलावली. दगड नाहीसे करायला याहून चांगली जागा पंचक्रोशीत नव्हती आणि श्रेयस बारा तास तिच्या काठावर उभा होता. दंडही पैलवानाचे. त्यानं अख्खी पेटी एका दमात आत लोटली असती. उलट दुसऱ्या कुणाला खड्डा वापरायचा तर श्रेयसच्या डोळ्यांदेखत वापरावा लागला असता. श्रेयसचं नाव बाईंनी मनातल्या मनात खोडलं.

सुचिता तावातावानंच बोलली. कोर वर आला तेव्हा तिनंच पहिल्यांदा हातात घेतला होता.

"ओला होता, मॅडम. भेगा मोकळ्या होत्या, नख जात होतं आत. आणि तेलाचा वास येत होता. मी तसं लिहिलंय. शुक्रवारी धर्माधिकारी सरांनी पेटी पाहिली आणि अहवाल पाठवून दिला, भेगा चुनखडीनं पूर्ण बुजलेल्या आहेत, विहीर बंद करावी. फोटोही जोडले. फोटोत भेगा खरंच पांढऱ्या दिसतात. मला वाटलं, मला वेडबिड लागलंय की काय!"

"मग भांडलीस?"

"शनिवारी. मी म्हटलं, मंगळवारी साहेबांसमोर ॲसिड टाकून बघू या. चुनखडी असेल तर फसफसेल. सर हसले. पण संध्याकाळी माझ्याकडून ॲसिडची बाटली मागून नेली."

"शनिवारी संध्याकाळी? अहवाल तर शुक्रवारी गेला होता."

"हो."

बाईंनी तो वार मनात नोंदवून ठेवला. त्यांना ते मुळीच आवडलं नव्हतं.

४

तीस वर्षांपूर्वी एका प्रशिक्षण शिबिरात धर्माधिकारी सरांनी त्यांना दगड वाचायला शिकवलं होतं. बाईमाणसाला उन्हात हिंडायला लावायचं नाही, असा खात्याचा खाक्या होता तेव्हा सरांनी स्वतःचा हातोडा बाईंच्या हातात दिला होता. ते उपकार बाई विसरल्या नव्हत्या.

सर आपल्या केबिनबाहेर कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. समोर झेंड्याचा चौथरा. कोरचे टाकाऊ तुकडे चुन्यानं रंगवून त्याच्याभोवती किनार केलेली. सरांच्या दुखऱ्या कमरेला आधाराचा पट्टा, वय अडुसष्ट.

"महामाया! ये, ये. तुला कशाला राबवतायत या उन्हात? सरळ प्रकरण आहे. पोरगा गरीब आहे, मोह झाला असेल. मी अर्जुनरावांना सांगणार आहे, फार ताणू नका."

"सर, भेगांतलं ते पांढरं तुम्ही ॲसिडनं तपासलं होतं?"

"चाळीस वर्षं दगड पाहतोय मी. चुनखडी ओळखायला मला ॲसिड लागत नाही."

"मग शनिवारी बाटली कशाला नेली?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "सहज. दुसऱ्या एका तुकड्यासाठी." आणि मग त्यांनी बाईंच्या घरच्यांची चौकशी सुरू केली.

कोर धुण्याचं काम गोजरबाईकडे होतं. झाडलोट, सडा, चौथऱ्याला चुना, सगळं तीच करायची. धुण्याच्या दगडाशी ती कुणाला तरी शिव्या घालत बसली होती.

"काय झालं वो?" बाई शेजारी टेकल्या.

"पाहा ना मॅडमबाई, माहा कुचा! सव्वीस जानेवारीले चुना देल्ला, मंग धुऊन सुकवून ठेवला होता. आज पाह्यतो तं चुन्यात भरून दगडावानी झाला. वापराचं तं वापरा, पन धुऊन तं ठेवा!"

बाईंनी तो कुंचा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "बरं, मंगळवारी दगड धुतले ते कोणत्या पाण्यानं?"

"रोज टँकरच्या. सुचिताम्याडम म्हनते, गोड पानीच पाह्यजे. पन त्या मंगयवारी टँकरच आला नाही. मंग काय करू? बोअरच्या पान्यानं धुतले."

"बोअरचं पाणी कसं हाय?"

गोजरबाईनं त्यांच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "खारपानपट्ट्यातलं कसं राह्यते? ढोरं बी तोंड नाही लावत. बादली सुकली का बुडाले पांढरा थर धरते. तुम्ही तं पान्याच्याच खात्यातल्या ना?"

बाई ताडकन उठल्या. चार वाजायला आले होते. "अर्जुनराव," त्यांनी हाक मारली, "सकाळी जमवले होते तेवढे सगळे चौथऱ्यापाशी बोलवा."

५

तीसेक माणसं जमली. संघपाल सगळ्यांत मागे उभा होता, कुणी त्याच्या शेजारी उभं राहत नव्हतं.

"पेटी सापडली," बाई म्हणाल्या. "दगडही इथेच आहेत, गेटाबाहेर काहीच गेलेलं नाही. संघपालला गारगोट्या विकायच्या असत्या तर त्यानं चमकणारा तुकडा तेवढा खिशात घातला असता. चाळीस किलो घट्ट दगड कोणता दलाल घेतो? आणि त्याला जड पेटी रिकामी करत बसायची गरज नव्हती, तो ती एकटा उचलतो."

त्या चौथऱ्याच्या किनारीपाशी वाकल्या. वीतभर लांबीचे पांढरे तुकडे ओळीनं रोवलेले होते. कडुनिंबाच्या बाजूला मात्र काही तुकडे चांगले हातभर होते आणि त्यांच्यावरचा चुना नवा होता. बाईंनी त्यातला एक उपसला आणि गोजरबाईच्या बादलीत बुडवून खसाखसा चोळला.

चुना निघाला. खालून एक लाल रेघ दिसली, एक काळी, आणि खोलीचा आकडा.

"माह्या हातचा आकडा हाय तो!" मागून संघपाल ओरडला.

"काल सगळे बाजारात गेल्यावर हे नऊ तुकडे एकेक करून इथे आणले गेले. रिगवरचे लोक पाहतील म्हणून खड्ड्यात टाकता आले नाहीत. आता नेणारा कोण, ते सांगते. सुचिताच्या बाजूनं बोलणारा साक्षीदार म्हणजे हे दगडच, ती ते कशाला लपवेल? श्रेयसजवळ खड्डा होता. राहिलं कोण?"

सगळ्यांनी नुसतं कडुनिंबाकडे पाहिलं.

"भेगांत चुनखडी आहे," धर्माधिकारी सर म्हणाले. "अहवालात फोटो आहेत."

बाईंनी तुकड्याला हलकेच झटका दिला. तो भेगेवर आपोआप दोन भाग होऊन उघडला. आत पांढरा पापुद्रा होता. बाईंनी तो सरळ जिभेला लावला.

"खारट," त्या म्हणाल्या आणि तुकडा सुचिताकडे दिला. सुचितानंही चाखला आणि ती हसू लागली, हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"मंगळवारी टँकर आला नाही. दगड बोअरच्या पाण्यानं धुतले गेले, सुकले, आणि भेगांत मीठ धरलं. नागपूरचा माणूस त्याला चुनखडी समजला. इथल्या कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं, पण गोजरबाईला विचारतो कोण? शनिवारी सुचिता ॲसिडचं बोलली तेव्हा सरांनी स्वतः थेंब टाकून पाहिला. फसफसलं नाही. अहवाल तर गेला होता. पेटीच हरवली तर फोटो खरे ठरले असते."

मग त्यांनी भेगेची बाजू पाण्यानं धुतली आणि श्रेयसला जवळ बोलावलं. मीठ विरघळून गेलं. आत गारगोटीचे बारीक दाणे उगवलेले होते, दोन्ही भिंतींना टेकून, छताला टेकू दिल्यासारखे. त्यांच्या मधल्या पोकळीत तपकिरी तेलकट डाग.

"हे दाणे वाढायला लाखो वर्षं लागतात. रिगनं पडलेल्या भेगेत ते येतील कुठून? ही भेग मुळातली आहे, आणि या दाण्यांनीच ती उघडी धरलीय. तुझं मड इथे गेलं. खडक तू फोडला नाहीस."

श्रेयसनं तो तुकडा दोन्ही हातांत घेऊन उन्हाकडे धरला.

सर उठले. कमरेवर हात ठेवून हळूहळू बाईंपर्यंत आले. "तुकडे फोडून टाकता आले असते," ते म्हणाले. "हातोडा घेतला होता. नाही जमलं, महामाया."

"माहीत आहे, सर." बाईंना फार वाईट वाटलं. "मिठाची चूक कुणाचीही झाली असती. मीही एखाद वेळी केली असती. पण सकाळी साडेआठला तुम्ही इथेच होतात. याला चोर म्हटलं ते तुम्ही ऐकलंत आणि गप्प बसलात. त्याला मी चूक म्हणत नाही."



अर्जुनरावांनी हात झटकले. त्यांना आता हे कधी एकदा आटपतं असं झालं होतं. "चला, मिटलं. दगड धुवा, पेटीत ठेवा, उद्या साहेबायले दाखवू. संघपाल, तू माह्या केबिनमधी ये, बोलू आपन."

संघपाल जागचा हलला नाही.

"केबिनमधी काऊन, साहेब?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "चोर म्हनतानी तं तुम्ही साऱ्यायले जमा केलं होतं. स्वयंपाक्याले बी बोलावलं होतं. दुपारपर्यंत गावात माह्या मायच्या कानावर गेलं. मंग आता एकट्याले काऊन सांगता?"

अर्जुनराव बाईंकडे पाहू लागले. बाई मुद्दामच गोजरबाईशी बोलू लागल्या.

मग अर्जुनरावांनी डोक्यावरची टोपी काढली. "संघपाल चोर नाही," ते म्हणाले, पण घशातल्या घशात.

"रिगवर आवाज नाही आला, साहेब," श्रेयस म्हणाला.

"संघपाल गवई चोर नाही!" अर्जुनराव ओरडले. "चुकी माही होती. किल्ली माह्या केबिनमधून गेली. आन् मी त्याले न विचारता बोललो."

"आणि दगड मी नेले," नीळकंठ धर्माधिकारी म्हणाले. कुणी सांगायच्या आधी तेच चौथऱ्याच्या पायरीवर चढले होते. "मी नेले. या मुलाचा काहीही संबंध नाही. त्याच्या आईला सांगायला मी स्वतः येतो. चालेल का रे?"

संघपालनं थोडा विचार केला.

"चालन," तो म्हणाला. "पन अंधार पडाच्या आत चाला. लोक दारात बसेल असतात, त्यायच्या देखत आले पाह्यजे."

सुचितानं जीपची किल्ली मागितली. संघपालनं आधी नऊही तुकडे धुतले, टँकरच्या पाण्यानं, लाल रेघ उजवीकडे ठेवून पेटीत लावले, शेडला कुलूप घातलं, आणि मगच तो जीपपाशी आला. पुढच्या सीटवर सर बसायला निघाले होते. महामायाबाईंनी त्यांना मागचा दरवाजा उघडून दिला; पुढची जागा संघपालची होती.